एनईएससाठी (निन्टेंडोचा जुना गेम कन्सोल) असेंब्ली: स्कोअर बदलला की पडदा उडी मारतो

रांपणवाला, मालवण:
सीए६५ (६५०२ प्रोसेसरचा असेंब्लर) वापरून रांपणीचा खेळ लिहितोय. जाळ्यात बांगडा आला की स्कोअर वाढतो, पण त्याच क्षणी अख्खा समुद्र बाजूला सरकतो, कधी भलत्याच टाइल (पार्श्वभूमीचे छोटे तुकडे) दिसतात. शिवाय एका ओळीत पाचवा बांगडा आला की गायब! बांगडा दोन स्प्राइट (हलणारी छोटी चित्रं) रुंद आहे.

देवगड६५०२:
स्कोअर मुख्य लूपमधून थेट $२००७ वर (चित्र काढणाऱ्या चिपला डेटा देण्याचा पत्ता) लिहिताय ना? पडदा रंगत असताना तिथे हात लावायचा नाही. आकडे रॅममधल्या बफरमध्ये ठेवा आणि एनएमआयमध्येच (फ्रेम रंगवून झाली की आपोआप चालणारा कोड) पाठवा. एनटीएससीवर (अमेरिका-जपानची टीव्ही पद्धत) व्हीब्लँकमध्ये, म्हणजे दोन फ्रेममधल्या मोकळ्या वेळात, सुमारे २२७३ सायकल मिळतात, त्यातल्या ५१३-५१४ स्प्राइट डीएमए ($४०१४, सगळ्या स्प्राइटची माहिती एकदम पाठवणं) खातो. उरलेल्यात पाच-सहा आकडे आरामात बसतात.
सरकण्याचं कारण वेगळं: $२००६ (व्हिडिओ मेमरीचा पत्ता) आणि $२००५ (स्क्रोल) आतून एकच रजिस्टर वापरतात, म्हणून पत्ता लिहिला की स्क्रोल बिघडतो. सगळ्यात शेवटी $२००२ वाचा (म्हणजे दोन वेळच्या लिखाणाचा क्रम पहिल्यापासून सुरू होतो), $२००० (चित्र-चिपचं नियंत्रण) पुन्हा भरा, मग $२००५ वर आधी आडवा स्क्रोल (एक्स), नंतर उभा (वाय). एनएमआयच्या सुरुवातीला प्रोसेसरची ए, एक्स, वाय रजिस्टर स्टॅकवर ठेवायला विसरू नका.

खाडीकाठ:
बांगड्याचं गणित सरळ आहे: एका स्कॅनलाइनवर (पडद्याची एक आडवी ओळ) आठच स्प्राइट, म्हणजे चार बांगडे. दर फ्रेमला ओएएममधला (स्प्राइटची यादी असलेली मेमरी) क्रम फिरवा, मग मासे लुकलुकतील पण कायमचे जाणार नाहीत.
आणि एसईडीच्या (दशमान बेरीज चालू करणारी सूचना) भरवशावर राहू नका, एनईएसच्या प्रोसेसरमध्ये दशमान बेरीज बंद आहे. प्रत्येक अंकाला एक बाइट द्या. दहा झाले की शून्य करून पुढच्यात एक मिळवा. लिखाण नेमकं कुठल्या स्कॅनलाइनवर होतंय ते मेसेन या एम्युलेटरच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये दिसतं.