नागिणीनंतरच्या वेदनेवर स्टेम सेल: मदत हवी आहे

सासूबाईंना (वय ७१) नागीण झाली होती. पुरळ कधीच सुकलं, पण बरगडीखालची आग थांबत नाही. पदर घासला तरी कळवळतात. प्रीगॅबालिनने चक्कर येते म्हणून डोस वाढवता येत नाही, अ‍ॅमिट्रिप्टिलीन हृदयाच्या त्रासामुळे बंद केलं. लिडोकेनच्या पट्ट्या, नर्व्ह ब्लॉक (नस बधिर करणारी इंजेक्शनं) झाले, आराम तात्पुरताच. रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे. (काढे-लेप कृपया सुचवू नका.)

आता एक क्लिनिक मणक्यात स्टेम सेलचं (मूळ पेशींचं) इंजेक्शन देऊ म्हणतंय, पैसे आगाऊ. वाचलं ते असं: २०१२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत वेदना-संशोधक बासबाम यांच्या गटाने गाबा (चेतासंदेश शमवणारं रसायन) बनवणाऱ्या चेतापेशींच्या पूर्वपेशी उंदरांच्या मज्जारज्जूत रोवल्या आणि नसेला इजा झाल्यानंतरची वेदना कमी झाली. पण ते उंदीर! शिवाय आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे असे प्रयोग मंजूर चाचणीतच करायचे, तेही रुग्णाकडून पैसे न घेता.

क्लिनिकने सीटीआरआयचा (भारतातल्या वैद्यकीय चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीचा) नोंदणी क्रमांक दिलाय. तो याच आजारासाठी आणि याच पेशींसाठी आहे का, हे त्या नोंदीत नेमकं कुठे पाहायचं? आणि या वेदनेसाठी भारतात माणसांवर खरोखर चालू असलेली चाचणी कोणाला माहीत आहे का?