डोक्याला मार लागलेल्या मुलाला कितीही झोपू द्यावं का?

धागाकर्ता, त्रिमूर्तीनगर :
दहावीतला भाचा कबड्डीत डोक्यावर पडला. डॉक्टरांनी तपासलं, कन्कशन म्हणाले, म्हणजे धक्क्यानं मेंदूला झालेली सौम्य इजा. तेव्हापासून घरच्यांनी पडदे ओढून त्याला झोपवून ठेवलंय. कूलरसमोर पाच वाजेपर्यंत झोप, रात्री दोनपर्यंत मोबाईल, सकाळी डोकं जड. माझ्या मते हे थांबायलाच हवं. खेळातल्या कन्कशनवरच्या २०२२ च्या अ‍ॅमस्टरडॅम परिषदेतल्या तज्ज्ञांनीही सक्त विश्रांती नको म्हटलंय : २४ ते ४८ तास घरी आराम, मग हळूहळू चालणं-फिरणं. उठायची वेळ ठरवा, दुपारची झोप आवरा.

महालच्या काकू :
काऊन पोट्ट्याच्या मागे लागून राहिले भाऊ? मेंदूला मार लागला, झोपेनंच भरून येईल. माझ्या लेकाला आम्ही पोटभर झोपू दिलं, बरा झाला.

धागाकर्ता :
काकू, पहिले एक-दोन दिवस झोपू द्याच. पण २०१५ च्या एका अमेरिकन अभ्यासात पाच दिवस सक्त विश्रांती सांगितलेल्या मुलांना, एक-दोन दिवस आराम केलेल्यांपेक्षा जास्त त्रास जाणवला. दिवसा झोप झाली की रात्री ती येणार कुठून?

एक बाबा, मानेवाडा :
मोबाईल काढला की पोरगं एकटं पडतं, चिडतं. त्यापेक्षा झोपेसाठी मेलाटोनिन या हार्मोनची गोळी द्या, ऑनलाइन मिळते.

परिचारिका, धंतोली :
दादा, मनानं काही देऊ नका. रेंगाळलेल्या त्रासावर कॅनडात मुलांना ३ आणि १० मिलिग्रॅम मेलाटोनिन देऊन पाहिलं, औषध नसलेल्या खोट्या गोळीपेक्षा जास्त गुण आला नाही. मोबाईलचं म्हणाल तर २०२१ च्या अभ्यासात पहिले ४८ तास स्क्रीन टाळणारे साधारण साडेतीन दिवसांत सावरले, बाकीच्यांना आठ लागले. नंतर संध्याकाळी मित्रांशी बोलू द्या की, फक्त रात्री फोन आईच्या खोलीत. आणि उलट्या होत राहिल्या, डोकेदुखी वाढत गेली किंवा उठवूनही नीट जागा होईना, तर थेट कॅज्युअल्टी गाठा.

शिक्षिका, धरमपेठ :
धागाकर्त्यांशी माझं जमत नाही. उठायची वेळ ठरवा म्हणता, पण कोणती? शाळा सातची, म्हणजे पोरगं साडेपाचला उठणार. ट्यूशनहून येतं रात्री नऊला. या वयाला आठ ते दहा तास झोप लागते, ती बसवायची कुठे? शाळा नऊनंतर भरवायचा २०२४ चा सरकारी निर्णयही चौथीपर्यंतच. अशा मुलाला शिस्त लावण्याआधी शाळेतून उशिरा यायची सवलत आणा, ट्यूशन थांबवा.

धागाकर्ता :
ताई, सवलतीचं पटलं, डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन उद्याच मुख्याध्यापकांना भेटतो. मग उठायची वेळ साडेसात. पण ती रविवारीही तीच राहणार, यावर मी ठाम आहे.