मालवणच्या समुद्रासाठी सह्यांची मोहीम काढायची आहे, पण अभयारण्य म्हटलं की तिथले लोक का भडकतात?

शैवाल_पुणे
नमस्कार मंडळी. आमचा सातआठ जणांचा ग्रुप आहे, पोहणं आणि स्नॉर्कलिंगचं वेड, त्यामुळे दरवर्षी मालवणला जाणं होतंच. यंदा सिंधुदुर्ग किल्ल्याच्या मागच्या बाजूला जे बघितलं त्याने फार वाईट वाटलं. लोक सरळ प्रवाळावर उभे राहून फोटो काढतात, मासे जवळ यावेत म्हणून ब्रेडचे तुकडे टाकले जातात, बोटींचे नांगर तिथेच पडतात. एका खडपाला तुटकं जाळं गुरफटलं होतं आणि त्यात एक खेकडा मरून पडला होता, बाजूला दुसरा अजून जिवंत, नांग्या हलवत होता. तो आम्ही सोडवला, पण जाळं काही निघेना.

परत आल्यावर वाचलं तर कळलं की हे १९८७ पासून चक्क सागरी अभयारण्य आहे! म्हणून ऑनलाइन पिटिशन काढायचं ठरवलं, ‘मालवण अभयारण्याची कडक अंमलबजावणी करा’ असं. मजकूर होमस्टेच्या काकांना पाठवला तर त्यांचा एवढाच निरोप आला की ताई, त्या अभयारण्याचं नाव आमच्या घरात काढू नका. इतकी प्रेमळ माणसं, मग असं का? आणि मोहीम करायचीच तर कशी करावी? मला खरंच शिकायचंय, कोणी अनुभवी असतील तर सांगा.

रापणीचा_दोर
ताई, मी मालवणचाच, घरात तीन पिढ्या मासेमारी. तुमचे काका का गप्प झाले ते सांगतो, रागावू नका.

८७ साली कागद निघाला. एकूण क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर, त्यातला गाभा ३.१८ चौरस किलोमीटरचा, म्हणजे किल्ला, पद्मगड आणि आसपासची खडपं. नेमकं तिथेच आमची छोट्या पातीवाल्यांची (पात म्हणजे लहान होडी) जाळी लागतात, कारण लांब जायला मोठं इंजिन नाही. आम्हाला कोणी विचारलं नाही, समजावलं नाही, एवढंच कानावर आलं की आता इथे मासेमारी बंद होणार. तेव्हापासून विरोध आहे तो आहेच, आणि माझ्या मते तो बरोबर होता.

आता दुसरी बाजू बघा. समुद्र रिकामा कोण करतंय? सीझनमध्ये रात्री देवबागच्या किनाऱ्यावर उभे राहा, बाहेर एलईडीचा इतका उजेड की तिकडे शहर वसलंय असं वाटेल. लाईट लावून सगळी मासळी वर बोलवायची आणि पर्ससीनने, म्हणजे थव्याला वेढा घालणाऱ्या मोठ्या जाळ्याने, थवाच्या थवा उचलायचा. त्यात परराज्यातले हायस्पीड ट्रॉलर आत घुसतात, आमची जाळी तोडून जातात. केंद्राने २०१७ ला एलईडीवर बंदी घातली, तरी उजेड दिसतोच. इकडे किनाऱ्यावर रापण (किनाऱ्यावरून हाताने ओढायचं लांब जाळं) ओढायला तीसचाळीस माणसं लागतात, बायका, म्हातारे, सगळे दोराला, आणि दोनतीन तास ओढून कधीकधी दोन टोपल्या पेडवे (छोटी मासळी) येतात. ते वाटून प्रत्येकाच्या हातात काय पडणार?

पर्ससीनविरुद्ध आम्ही मोर्चे काढले, समुद्रात बोटी अडवल्या, पोरांवर केसेस झाल्या. त्यानंतर ५ फेब्रुवारी २०१६ चा शासनाचा आदेश निघाला आणि पर्ससीनला मर्यादा आल्या. आता सांगा, ती समुद्र वाचवायची मोहीम नव्हती का? पण तिला पर्यावरण म्हणून कोणी सही दिली नाही, पेपरात ‘मच्छीमारांचा वाद’ एवढंच छापून आलं. हे डोक्यात बसलंय आमच्या.

नोंदवही
वरच्या दादांशी पूर्ण सहमत, त्यात कायद्याचं थोडं घालतो. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम २६अ मध्येच लिहिलंय की समुद्राचा भाग अभयारण्यात घ्यायचा तर स्थानिक मच्छीमारांच्या व्यवसायाच्या हिताचं रक्षण करायला पुरेशी उपाययोजना करूनच हद्द ठरवायची. म्हणजे मच्छीमारांचं म्हणणं ऐकणं हा काही उपकार नाही. तुमच्या पिटिशनमध्ये ‘कडक अंमलबजावणी’ एवढंच असेल तर त्याचा अर्थ मालवणात ‘पातवाल्यांना हाकला’ असाच लावला जाणार, दुसरा लावायला जागाच नाही.

मागणी नेमकी करा. कुठे, काय, कोणी करायचं. उदाहरणार्थ स्नॉर्कलिंगच्या जागी नांगर टाकायला मनाई आणि त्याऐवजी कायमचे बोये बसवा, बोटी त्यालाच बांधायच्या. प्रवाळावर उभं राहायला आणि खाणं टाकायला बंदी, गाईडना ट्रेनिंग. एलईडीविरुद्ध रात्रीची गस्त. महाराष्ट्राने २०२१ मध्ये मासेमारी नियमन कायदा बदलला, दंड लाखांच्या घरात नेला, पूर्वी केस तहसीलदारांपुढे जायची ती आता मत्स्यव्यवसाय खात्याच्याच अधिकाऱ्याकडे जाते. म्हणजे कायदा आहे, गस्ती नौका आणि माणसं हवीत, आणि हे मागितलंत तर अख्खं बंदर तुमच्या बाजूने उभं राहील.

आंग्रिया बँकेचं, म्हणजे खोल समुद्रातल्या प्रवाळाच्या उंचवट्याचं, प्रकरण मात्र वेगळं, ती विजयदुर्गपासून शंभरेक किलोमीटर आत, १२ सागरी मैलांच्या पलीकडे, तिथे राज्याचा अधिकार पोचत नाही. तो विषय या पिटिशनमध्ये मिसळू नका, कारण ज्याच्या हातात निर्णय आहे त्याच्याकडेच मागणी गेली पाहिजे.

गोदावरी_ते_ब्रिस्बेन
मी ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडला असते, इथली एक गोष्ट तुमच्या फार कामाची आहे. ग्रेट बॅरियर रीफ (रीफ म्हणजे प्रवाळाचे खडक) आज जगाला माहीत आहे, पण १९६७ मध्ये तिथल्या एलिसन रीफवरून उसाच्या शेतीला लागणारा चुना खणून काढायचा अर्ज आला होता. म्हणणं असं की हा रीफ मेलेलाच आहे, खणला तर बिघडलं कुठे. तेव्हा विद्यापीठातले काही हौशी डायव्हर स्वतः खाली उतरले, काय काय जिवंत आहे त्याची नोंद केली आणि ती सुनावणीत मांडली गेली. अर्ज फेटाळला. मग तेलासाठी ड्रिलिंगचा घाट घातला गेला, तेव्हा कवयित्री ज्युडिथ राइट सारखे लोक आणि कामगार संघटना एकत्र आल्या, गाड्यांवर ‘सेव्ह द बॅरियर रीफ’चे स्टिकर लागले, आणि १९७५ ला मरीन पार्कचा कायदा झाला.

पण तरीही मासेमारी पूर्ण बंद असलेला भाग बरीच वर्षं ५ टक्क्यांहून कमी होता. तो ३३ टक्के झाला २००४ मध्ये, आणि त्याआधी नकाशे घेऊन गावोगाव बैठका, लोकांची ३१ हजारांवर लेखी मतं आली, रेषा कितीतरी ठिकाणी बदलल्या. मच्छीमारांना भरपाई द्यावी लागली तीही मोठी. तरी नाराजी राहिलीच, इथल्या मच्छीमारांकडून अजून ऐकायला मिळते.

मला यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते त्या डायव्हरांचं काम. तुमचा ग्रुप पाण्यात उतरतो ना, मग नोंदी ठेवा, फोटो, तारीख, जागा. सह्या नंतर.

कासवमित्र_दापोली
रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासच्या समुद्री कासवांचं उदाहरण कसं विसरलात? २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावातल्या लोकांनाच सोबत घेतलं, अंडी चोरीला जायची ती राखली गेली, २००६ पासून कासव महोत्सव सुरू झाला आणि घराघरात पाहुणे जेवायला लागले. गावाला कोणी गुन्हेगार म्हटलं नाही म्हणून हे जमलं असं माझं ठाम मत आहे.

आणि गुजरातची व्हेल शार्क या अवाढव्य माशाची मोहीम बघा. २००१ ला शिकारीवर बंदी आली, पण नुसत्या बंदीने काय होणार. २००४ ला कथाकार मोरारी बापूंना सोबत घेतलं, त्यांनी सांगितलं की ही माहेरी बाळंतपणाला आलेली लेक आहे, लेकीला कोणी मारतं का? कोळी लोकांच्या मनाला ते भिडलं, स्वतःची महागडी जाळी कापून मासे सोडायला लागले. आता आपल्याकडेही वनखात्याच्या कांदळवन कक्षाची योजना आहे, संरक्षित प्राणी जाळं कापून सोडला तर २५ हजारांपर्यंत भरपाई मिळते. किनाऱ्यावरच्या कित्येकांना हे माहीतच नाही, तुमच्या मोहिमेने एवढं जरी पोचवलं तरी कासवं वाचतील.

शैवाल_पुणे
सगळ्यांचे मनापासून आभार. पिटिशन थांबवलंय. आधी आमच्याकडचे फोटो जागेप्रमाणे लावते. रापणीचा_दोर दादा, मसुदा नव्याने लिहिताना तुमच्याकडची माणसं बसतील का आमच्यासोबत? आणि एलईडीची मागणी सगळ्यात वर घेऊ ना?

रापणीचा_दोर
बसतील की. एलईडी आणि गस्त वर घ्या, बोये दुसरे, पर्यटनाचे नियम तिसरे. गाभ्यातल्या मासेमारीबद्दल आत्ताच काही लिहू नका, ते आमच्यात बोलू दे, आमच्यातही काहींना वाटतं की दोनचार खडपं विणीच्या दिवसांत सोडावीत, पण ते बाहेरून आलं की कोणी ऐकत नाही.

पावसाळ्यातल्या मासेमारीबंदीच्या काळात या, जूनच्या मध्यावर. तेव्हा होड्या वर ओढलेल्या असतात, सगळे जाळी शिवत बसलेले असतात, बोलायला वेळ असतो. आधी मच्छीमार सोसायटीच्या चेअरमनना भेटा, मग रापण संघाच्या लोकांना, आणि मासे विकणाऱ्या बायकांना अजिबात विसरू नका, कुठली मासळी कधीपासून कमी झाली ते त्यांना आमच्यापेक्षा जास्त ठाऊक असतं. लॅपटॉपवर दाखवू नका, फोटो मोठे छापून आणा.