अनुभव धागा : पिझ्झा, पास्ता, थाई करी आणि आपण बेळगावकर

गेल्या महिन्यात आईला घेऊन टिळकवाडीतल्या एका नव्या कॅफेत गेले होते. आईचं वय ७१. दारावरची पाटी कन्नडमध्ये, मेनूकार्ड सगळं इंग्रजीत, वाढणारा मुलगा आसामचा, हिंदी बोलणारा. आई मराठी वाचते, कन्नड बाजारापुरतं बोलते. तिनं कार्ड उलटसुलट करून मिटलं आणि म्हणाली, "तू सांगशील ते." घरात सगळ्यांनी काय जेवायचं हे आयुष्यभर जिनं ठरवलं, ती हे म्हणाली. मला फार लागलं ते. मग एकेक ओळ वाचून मराठीत सांगत गेले. ह्यात मैदा, ह्यात चीज, हे थंड, हे आंबट. वीस मिनिटं लागली. तिनं हमस निवडलं, कारण वाटलेले छोले, तीळ आणि लिंबू एवढं तिला नीट कळलं. पहिला घास घेऊन म्हणाली, "लसूण कच्ची घातलीय. जरा भाजली असती तर उग्र लागली नसती." आणि वाटी पुसून संपवली.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, सगळीकडच्यांनी लिहा. काय मागवलं, काय कळलं नाही, कुणाला विचारलं, घरचे काय म्हणाले.

येळ्ळूर

आमची भातशेती. पोराचा पहिला पगार झाला म्हणून आम्हा दोघांना जेवायला नेला. त्यानं रिझोत्तो मागवला. "बाबा, भातच हाय," म्हणाला. आला तो चमच्यातनं ओघळणारा, आजारी माणसाला करतो तसला मऊ भात. पण शीत मधोमध दाताला लागत होतं. कच्चा राहिलाय असं वाटून मी परत पाठवायला निघालो. तेवढ्यात आचारीच बाहेर आला, मराठी बोलणारा निघाला. मी म्हटलो, तांदूळ दाखव आधी. त्यानं मूठभर आणून टेबलावर पसरला. आर्बोरिओ म्हणतात, इटलीचा. आखूड, जाडजूड दाणा, पोटात पांढरा ठिपका. हातावर चोळून बघितलो, वास काही नाही. आम्ही बासमती आणि इंद्रायणी पिकवणारी माणसं, वासाशिवाय तांदूळ कसा खायचा असंच मनात आलं. मग त्यानं रीत सांगितली. पाणी एकदम घालत नाहीत, भाज्यांचं गरम पाणी पळी पळीनं घालून ढवळत राहायचं. दाण्यावरचं पिठूळ सुटतं, त्यानंच दाट होतो. दुधाची साय लागत नाही. हे ऐकून परत खाल्लो तेव्हा चांगला लागला. ३८० रुपये मात्र जास्तच की.

पुढच्या खेपेला त्याला आमची २ किलो इंद्रायणी नेऊन दिलो. करून बघ म्हटलो.

जांबोटी, खानापूर तालुका

येळ्ळूरच्या काकांचा आचारी मी नव्हे, पण काम तेच करतो. चोर्ल्याचा घाट उतरून गोव्यात ६ सीझन इटालियन किचनमध्ये होतो, आता बेळगावात. "पास्ता कच्चा आहे" म्हणून रोज एक-दोन प्लेटी परत येतात. कच्चा नसतो तो. दाताला लागेल इतपतच शिजवायचा, त्याला आल देन्ते म्हणतात. पण मी कुणावर रागावत नाही. आपल्या घरी शेवया मऊच शिजतात, जिभेला तीच सवय. फक्त ऑर्डर देतानाच "मऊ करा" सांगा, दोन मिनिटं जास्त ठेवतो. वाढून झालेला पास्ता परत आचेवर चढवला की सॉस फुटतो, चीजचे गोळे होतात. ते तुम्हालाही आवडत नाही आणि मलाही वाढवत नाही.

पिझ्झ्याचं पीठ आदल्या दिवशी मळून फ्रिजमध्ये ठेवतो, तेव्हा कुठं ते नीट फुगतं. रविवारी रात्री "पिझ्झा संपला" म्हटलं तर खरंच संपलेला असतो.

काका, इंद्रायणीचा रिझोत्तो मी करून बघितलाय. वास सुरेख येतो, पण दाणा लवकर मोडतो. पाणी कमी आणि ५ मिनिटं आधी उतरवला की जमतो.

शहापूर

पुतण्याचा वाढदिवस श्रावणात आला. घरात महिनाभर मासे-मटण बंद, म्हणून व्हेज थाई ग्रीन करी मागवली. वेटरला दोनदा विचारलं, दोनदा "व्हेजच आहे" म्हणाला. निम्मी संपल्यावर जाऊबाईंना सुक्या जवळ्याचा वास आला. मी काउंटरवर जाऊन करी कशाची करता ते दाखवा म्हटलं. तयार पेस्टचा डबा काढला. घटकांमध्ये कोळंबी छापलेली आणि शेजारी मांसाहाराची तपकिरी खूण. वर घातलेल्या भाज्या तेवढ्या व्हेज. मालकांनी हात जोडले, पैसे घेतले नाहीत. पण सासूबाईंचा श्रावण मोडला तो मोडलाच. चार दिवस त्या पानावर बसल्या की एक शब्द बोलत नव्हत्या, आणि मला तोंड वर करून बघवत नव्हतं.

आता मी "व्हेज आहे का" असं विचारतच नाही. फिश सॉस, ऑयस्टर सॉस, कोळंबीची पेस्ट, एकेकाचं नाव घेऊन विचारते आणि डबा बघते. किमची ह्या कोरियन लोणच्यातही बहुतेक वेळा मासळीचं काहीतरी असतं. अस्सल पार्मेझान चीज तर वासराच्या पोटातल्या, दूध गोठवणाऱ्या रेनेटनं लावलेलं असतं. कडक शाकाहारी असाल तर तेही विचारा.

चिकोडी तालुका

आम्ही जैन. चातुर्मासात दिवस मावळायच्या आत जेवण उरकतो, आणि बऱ्याच ठिकाणी संध्याकाळचं किचन ७ नंतर सुरू होतं. म्हणून आदल्या दिवशी फोन करून ५ ची वेळ ठरवतो. एका मेक्सिकन जागी त्यांनी कांदा-लसूण न घालता साल्सा ताजा वाटून दिला, तोही आमच्यासमोर, धुतलेल्या भांड्यात. टॉर्टियाला, म्हणजे त्यांच्या मक्याच्या पोळीला, निराळाच वास येत होता. मका चुन्याच्या पाण्यात उकळून मग दळतात, असं कळलं. आई म्हणाली, "पानाला लावतो तोच चुना?" तोच. तिथून पुढं ती निवांत जेवली.

आरपीडी कॉलेजजवळ

आम्हा हॉस्टेलच्या मुलींचं परदेशी जेवण म्हणजे गोबी मंचुरी. मार्च २०२४ मध्ये कर्नाटक सरकारनं तिच्यातल्या कृत्रिम रंगांवर बंदी आणली. आमचा गाडेवाला आता नुसत्या बेडगी मिरचीवर करतो. दिसायला तपकिरी, चवीला आधीपेक्षा चांगली.

नेहरूनगर

माझ्याकडे मलेशियाच्या मुली भाड्यानं राहायच्या, केएलईत डॉक्टरकी शिकायला आलेल्या. परीक्षा संपल्यावर मला जेवायला घेऊन गेल्या. मेनूवर नासी गोरेंग दिसल्यावर दोघींचे चेहरे असे उजळले की काय सांगू. नासी म्हणजे भात, गोरेंग म्हणजे तळलेला, हे त्यांनीच सांगितलं. आला तो सोया सॉस घातलेला आपला नेहमीचा फ्राइड राइस. दोघी काही बोलल्या नाहीत, मुकाट्यानं संपवला. परक्या गावात आपल्या घरच्या भाताचं नाव वाचून मागवावा आणि भलताच भात यावा, मला ते बघवेना. पुढच्या रविवारी माझी शेगडी त्यांना मोकळी करून दिली. मिरचीचं सांबल आणि बोटाएवढी सुकी मासळी घालून त्यांनी भात केला. सुकी मासळी मीच बाजारातून आणली होती, दोन प्रकारची, कुठली लागते ते कळेना म्हणून.

हिंडलगा

बिल नीट बघत जा. माझं जेवण १,८६० रुपयांचं, त्यावर ५ टक्के जीएसटी, तो बरोबर. पण खाली १८६ रुपये सर्व्हिस चार्ज न विचारता लावलेला. असा आपोआप लावता येत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ४ जुलै २०२२ रोजी तसं बजावलंय आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं ते उचलून धरलं. मी शांतपणे काढायला सांगितलं, काढला. ऐकलं नाही तर १९१५ ह्या ग्राहक हेल्पलाइनच्या नंबरवर तक्रार करता येते. वाढणाऱ्या पोराला मी १०० रुपये हातात दिले, ते त्याचेच.

येळ्ळूर

जांबोटीच्या पोरा, तुझा निरोप आमच्या आचाऱ्याला दिलो. ५ मिनिटं आधी उतरवला, दाणा राहिला म्हणाला. पण तो तांदूळ नवा होता रे, नवा लवकर गळतो. वर्षभर जुनी इंद्रायणी माझ्या कणगीत हाय. तुझ्यासाठी ५ किलो बाजूला ठेवलोय, येऊन घेऊन जा.