आई-बाबा नाशिकहून इंदूरला आले. आधार आधी की समग्र (मध्य प्रदेश सरकारचा कुटुंब-आयडी)?

रामबागकर: आई-बाबा आता कायमचे इथेच. आई ७२, बाबा ७८. दोघांच्या आधारवर नाशिकचा पत्ता. बाबांना बँकेची पेन्शन, शिवाय खासगी मेडिक्लेम. आयुष्मान, वृद्धापकाळ पेन्शन आणि कॉलनीतलं ज्येष्ठ नागरिक केंद्र, यांतलं त्यांना काय लागू होतं? कागदांची सुरुवात कुठून करू?

सुदामानगरकर: आधी आधार. समग्रची ई-केवायसी, म्हणजे ऑनलाइन ओळख पडताळणी, आधारशी जुळवूनच होते. घराचं बिल त्यांच्या नावावर नसणार, म्हणून पत्त्यासाठी 'कुटुंबप्रमुख' हा पर्याय घ्या. मायआधार वेबसाइटवर आईच्या लॉगिनमधून तुमचा आधार क्रमांक टाकायचा आणि आईचं व तुमचं अशी दोन्ही नावं असलेला नात्याचा कागद जोडायचा. पासपोर्ट किंवा मार्कशीट चालते. मग तुमच्या लॉगिनवर विनंती येते, ती ३० दिवसांत तुम्हीच मंजूर करायची. घोळ होतो तो इथेच: अर्ज भरला म्हणजे काम झालं असं वाटतं, मुदत टळते, अर्ज बंद आणि फीही परत नाही. बाबांचा अर्ज वेगळा. मोबाइल आधारला जोडलेला नसेल तर ओटीपीच येणार नाही. आधी आधार केंद्रावर जा.

नंतर समग्र. कुटुंबाचा आयडी ८ अंकी, सदस्याचा ९ अंकी. स्पेलिंग आणि जन्मतारीख अगदी आधारवर आहे तशीच द्या.

तिलकनगर_काकू: आयुष्मानचं वय वंदना कार्ड मात्र या सगळ्यासाठी अडवून ठेवू नका. ७० पूर्ण आणि आधार, बस. उत्पन्न विचारत नाहीत, खासगी मेडिक्लेम असला तरी चालतं. सीजीएचएस (केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची आरोग्य योजना) असतं तर दोन्हींतलं एक निवडावं लागलं असतं. वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार, पण नवरा-बायको दोघांत मिळून. ओपीडी यात नाही. भरती झाल्यास आधीचे ३ आणि डिस्चार्जनंतरचे १५ दिवसांचे औषध-तपासण्या धरतात. जुना मधुमेह, बीपी पहिल्या दिवसापासून चालतो. हॉस्पिटल यादीत आहे एवढ्यावर जाऊ नका, तो विभाग यादीत आहे का तेही बघा. हार्टसाठी गेलात आणि मान्यता फक्त डोळ्यांची निघाली, असं होतं. १४५५५ या हेल्पलाइनवर विचारून घ्या.

रामबागकर: आईच्या बोटांच्या रेघा पुसल्यात, मशीन घेतच नाही.

तिलकनगर_काकू: मग ओटीपी किंवा चेहऱ्याने ओळख. फोटो काढताना खिडकी पाठीमागे नको, समोर हवी. चष्माही काढून ठेवायला सांगा.

मोती_तबेला: पेन्शनचं विसरा. वृद्धापकाळ पेन्शन मध्य प्रदेशात महिना ६०० रुपये, ६० वर्षांवरच्या बीपीएल (दारिद्र्यरेषेखालच्या) लोकांना. चष्मा, काठी, श्रवणयंत्र देणाऱ्या वयोश्री योजनेतही बीपीएल किंवा महिना १५,००० पर्यंत उत्पन्न लागतं. बाबांची बँक पेन्शन त्यावर असेल तर तेही गेलं. आणि 'सीनियर सिटिझन कार्ड' काढून देतो म्हणून पैसे मागणाऱ्यांना दारातूनच परत पाठवा, वर सांगितलेल्या कामांना वय दाखवायला आधार पुरतं.

सुदामानगरकर: केंद्राचं राहिलं. कॉलनीतली बहुतेक केंद्रं म्हणजे बसायची जागा: कॅरम, भजन, पेपर. ६० पूर्ण, एक फोटो, आधारची प्रत, थोडी वर्गणी. स्वतः चालत टॉयलेटला जाता येणं गृहीतच असतं. विसराळूपणा वाढलेला असेल किंवा हात धरून न्यावं लागत असेल तर तिथे सांभाळायला माणूस नसतो. त्यांना पगारी मदतनीस असलेलं डे केअर शोधा. नाव घालण्याआधी भर दुपारी एकदा जाऊन या. हॉल पहिल्या मजल्यावर असून जिन्याला कठडा नसेल, किंवा संडास भारतीय बैठकीचा असेल, तर बाबा चार दिवसांत जायचं बंद करतील.