गोल सुईवर मॉस स्टिचची रिब का होते? (स्नूड)

नवी वीण
नमस्कार मंडळी. गळ्याभोवतीचा बंद स्नूड विणायला घेतलाय. आधी दोन सुयांवर मॉस स्टिचचा (दाणेदार विणीचा) नमुना करून पाहिला: २१ टाके, प्रत्येक ओळीची सुरुवात सुलट टाक्याने, मग एक उलट, एक सुलट. दाणे सुरेख उठले. १० सेंमीत १६ टाके बसत होते, म्हणून ६० सेंमी घेरासाठी ९६ टाके घातले, ५ मिमीच्या गोल सुईवर फेरी जोडली आणि तोच क्रम सुरू ठेवला. चारेक सेंमी झाल्यावर बघते तर दाण्यांचा पत्ताच नाही! स्वेटरच्या बॉर्डरला असतात तशा उभ्या रेघा, म्हणजे रिब, आल्यात. लोकर तीच, सुई तीच, क्रम तोच. मग फरक कुठे पडला? सगळं उसवायचं का?

सुलटउलट
अजिबात उसवू नका. जे झालंय ते चांगलं झालंय, कसं ते सांगते.

दोन सुयांवर ओळ संपली की आपण काम फिरवतो, म्हणजे पुढची ओळ मागच्या बाजूने विणतो. पुढून सुलट दिसणारा टाका मागून उलट दिसतो. तुमचे टाके २१, म्हणजे विषम. त्यामुळे प्रत्येक ओळ सुलटने सुरू केली तरी सुलटवर उलट आणि उलटवर सुलट आपोआप येत गेलं. गोल सुईवर काम फिरतच नाही, पुढची बाजू कायम आपल्यासमोर असते. टाके ९६, सम. फेरी जिथे सुलटने सुरू झाली तिथेच पुढची फेरीही सुलटने सुरू होणार, आणि सुलटवर सुलट बसत गेला की रिबच होणार.

आता पुढे असं करा. झालेली रिब खालची बॉर्डर म्हणून राहू द्या. पुढची फेरी उलट टाक्याने सुरू करा, मग सुलट, उलट, सुलट. फेरीचे शेवटचे दोन टाके मात्र एकत्र उलट विणा. ९५ टाके होतील. इथून पुढे एक सुलट, एक उलट हा क्रम अखंड चालू ठेवायचा, फेरीच्या सुरुवातीला नव्याने मोजायचं नाही. संख्या विषम असल्यामुळे प्रत्येक फेरीत टाका आपसूक बदलतो. सुरुवातीच्या खुणेची कडी असू द्या, पण ती फक्त फेऱ्या मोजायला.

आणि एक मनापासून सांगते: क्रम तोंडाने म्हणत बसण्यापेक्षा टाका बघायला शिका. सुईखाली आडवी गाठ दिसली की सुलट विणायचा, इंग्रजी व्हीसारखा टाका दिसला की उलट. हे एकदा डोळ्यांत बसलं की मध्येच काम ठेवून आठवड्याने उचललं तरी अडत नाही. पोताच्या विणींमध्ये मला सगळ्यात जास्त आनंद ह्याच गोष्टीचा होतो, कापड स्वतःच सांगतं पुढे काय करायचं ते.

दोनसुया
एवढा व्याप कशाला? सपाट पट्टी विणा आणि दोन्ही टोकं शिवून टाका. मॉस स्टिच सपाट विणायला सोपी आणि गोल सुई लागतच नाही.

सुलटउलट
होतं तसंही, आणि दुहेरी गुंडाळायचा लांब स्नूड असेल तर मीही तेच सुचवेन. पण एकेरी स्नूड गळ्याला लागून बसतो. जाड लोकरीची शिवण तिथे टोचते आणि दाण्यांच्या पोतात ती लपतही नाही. ह्यांचं काम सुरू झालंच आहे, ते गोलच पूर्ण व्हावं.

लोकरगुंडी
९६ टाके ठेवायचेच असतील तर टोपलीची वीणही करता येईल. ४ सुलट, ४ उलट अशा ५ फेऱ्या, मग पुढच्या ५ फेऱ्या ४ उलट, ४ सुलट. आठाने भाग जातो, त्यामुळे जोड कळत नाही. वेणी मात्र ह्या हिशेबात घालू नका. ती कापड आत ओढते, त्याच घेरासाठी टाके वाढवावे लागतात.

सुलटउलट
टोपली छानच दिसेल. मॉस स्टिच आणि टोपली, ह्या दोन्ही विणींची मागची बाजूही पुढच्यासारखीच दिसते, आणि स्नूडला ते फार महत्त्वाचं. तो दुमडतो, घडी पडते, आतली बाजू बाहेर येतेच. शिवाय नुसत्या सुलट विणीच्या कडा गुंडाळतात. सुलट-उलट सारख्या प्रमाणात मिसळले की कापड सपाट राहतं.

नवी वीण
खूप आभार! ९५ करून सहा फेऱ्या झाल्या, दाणे आले!! दोन शंका. रिबपेक्षा वरचा भाग पसरट दिसतोय, चालेल का? आणि लोकर ॲक्रिलिक आहे, विणून झाल्यावर इस्त्री करू का?

सुलटउलट
पसरट दिसणारच, रिब आकसते आणि मॉस स्टिच आडवी पसरते. २५ सेंमी उंची झाली की एक टाका वाढवून पुन्हा ९६ करा आणि वर तेवढीच रिब विणा, म्हणजे दोन्ही कडा सारख्या बसतील. टाके बंद करताना उजव्या हातात एक नंबर जाड सुई घ्या. कड घट्ट झाली तर स्नूड डोक्यातून जायचा नाही. मोठ्या माणसाच्या डोक्याचा घेर साधारण ५५ ते ५८ सेंमी असतो, कड तेवढी ताणली गेलीच पाहिजे. शेवटचे दहा-बारा टाके राहिले की थांबून कड ताणून बघा, तेव्हा उसवणं सोपं असतं.

इस्त्री नको! ॲक्रिलिक गरम इस्त्रीने चपटं आणि लिबलिबीत होतं, दाणे बसतात ते पुन्हा उठत नाहीत. कोमट पाण्यात बुडवा, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा, पिळू नका, आणि सपाट पसरून वाळवा. खऱ्या लोकरीलाही हेच करायचं, फक्त ती ओली असताना हाताने आकार दिला तर वाळल्यावर तसाच राहतो.

पुढच्या वेळी फिकट रंगाची, नीट पीळ असलेली गुळगुळीत लोकर घ्या. गडद किंवा केसाळ लोकरीत एवढ्या मेहनतीचे दाणे दिसतच नाहीत.