मैत्रिणीला स्वतः काढलेलं तामणाचं चित्र द्यावं का?

रंगपेटी:
नमस्कार मंडळी. विषय तसा किरकोळ आहे, पण कधीचा डोक्यात घोळतोय म्हणून विचारते.

माझी ऑफिसातली मैत्रीण मेअखेर निवृत्त होतेय. आम्ही दोघी ठाण्यात एका सरकारी कार्यालयात शेजारशेजारच्या टेबलांवर बसतो. ती आता गुहागरजवळ गावी घर बांधून तिकडेच राहणार. ऑफिसतर्फे शाल, श्रीफळ, भिंतीवरचं घड्याळ हे ठरलेलं होईलच. (निवृत्त माणसाला घड्याळ द्यायची कल्पना कुणाची, देव जाणे.) मला माझ्याकडून वेगळं काही द्यायचंय.

आमच्या खिडकीबाहेर तामणाचं झाड आहे, जांभळ्या फुलांचं. एप्रिल लागला की डबा खाताना अर्ध्या गप्पा त्याच्याच. "वरची फांदी धरली बघ", "यंदा उशीर केलान". तिचा राग छाटणीवाल्यांवर. ऐन कळ्यांच्या दिवसांत यांना बरोबर फांद्या नडतात, असं म्हणते. तर ते तामण मी जलरंगात काढलंय. अख्खं झाड नाही, एकच तुरा. खालची फुलं आधी उमलतात आणि जुनी होता होता पांढुरकी पडतात, मधली गर्द जांभळी, शेंड्याला कळ्या. एकाच तुऱ्यात जांभळ्याच्या इतक्या छटा आयत्या मिळतात. पाकळ्यांच्या चुण्यांनी मात्र जीव खाल्ला. सगळ्या दाखवल्या तर फूल चुरगळल्यासारखं दिसतं, नाही दाखवल्या तर तामण वाटतच नाही. शेवटी चुण्या कडेलाच ठेवल्या आणि पाकळीचा देठाकडचा निमुळता भाग मोकळा सोडला.

आता अडचण अशी. साडी नाही आवडली तर कपाटात जाते, कुणाला कळत नाही. चित्र नाही आवडलं तरी मी जाणार म्हटल्यावर ते भिंतीवर लावावं लागणार. हे लादणं नाही का? आणि दुसरं, कोकणच्या दमट हवेत जलरंग टिकतो का?

देवरुखवाली:
दुसऱ्याचं आधी सांगते. टिकतो, पण फ्रेमवाल्यावर सगळं सोपवू नका. चित्र काचेला चिकटून बसवलं की पहिल्या पावसाळ्यातच ओल धरतं आणि कागदावर तपकिरी ठिपके येतात. मध्ये जाड माउंट, म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट घाला, म्हणजे काच आणि कागद यांत फट राहते. माउंट ॲसिड-फ्रीच मागा, साधा पुठ्ठा काही वर्षांत कागद पिवळा करतो. मागून कडा टेपनं बंद करून घ्या. खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवा, म्हणजे फ्रेमच्या मागून हवा खेळते.

आणि मैत्रिणीला सांगा, पावसाचा मारा नैऋत्येकडून असतो, त्या बाजूच्या भिंतीवर काहीच लावायचं नाही. आमच्याकडे जुलैत कपाटातल्या चपलांनासुद्धा बुरशी येते, चित्राचं काय घेऊन बसलात!

कुंचला_आणि_चहा:
जांभळा कशातून केलात? 'ओपेरा रोज' नावाचा गुलाबी रंग वापरला असेल तर सावध राहा. कागदावर झगझगीत दिसतो, पण उजेडात सगळ्यात आधी तोच उडतो. तामणाला तो हमखास वापरला जातो, कारण ट्यूबमधून तयार गुलाबी मिळतो ना.

रंगपेटी:
@कुंचला_आणि_चहा ओपेरा नाही. क्विनाक्रिडोन व्हायोलेटमध्ये थोडा अल्ट्रामरीन. कागद तीनशे जीएसएमचा, म्हणजे चांगला जाड, सुती.

@देवरुखवाली बुचाचं माहीत नव्हतं, धन्यवाद. पश्चिमेच्या भिंतीला तर मोठी खिडकी आहे, ती एकदा फोटो दाखवत होती.

माहेरची_सातारकर:
मी घेणाऱ्यांतली आहे, म्हणून बोलते. जाऊबाईंनी दिलेलं काचेवरचं भलंथोरलं चित्र आमच्या बैठकीत आहे. सोनेरी चौकट, हलवायलाही दोन माणसं लागतात. चित्र वाईट नाही हो, पण त्याच्यापुढे घरातलं बाकी काही दिसतच नाही. ओझं होतं ते आकाराचं आणि चौकटीचं. तुम्ही फ्रेमच करू नका. माउंट लावून फोल्डरमध्ये द्या. वहीएवढं असेल तर ती पुस्तकांच्या कपाटात टेकवून ठेवेल, देवघराशेजारी लावेल, नाहीतर जपून ठेवेल. तुम्ही गेल्यावर शोधत बसू नका म्हणजे झालं.

चित्र देताना "मी काढलंय" असं आधी म्हणू नका, समोरच्याला लगेच कौतुक करावं लागतं. "आपलं झाड आणलंय" म्हणा.

जाता जाता, साताऱ्यात १ मेला गुलमोहर दिन साजरा करतात. चित्रकार झाडाखाली बसून चित्रं काढतात. गुलमोहराची एक पाकळी बाकीच्या चौघींपेक्षा वेगळी, पांढुरकी आणि ठिपक्यांची असते. ती चुकली की माझे वडील चित्रकाराला तिथल्या तिथे सांगायचे.

नागपुरी_ऊन:
तामणाचं कौतुक चालू द्या, पण फेब्रुवारी-मार्चमध्ये आमच्याकडे या. पळस फुलला की पान एक नाही, नुसता केशरी. जवळून पाहिलं तर फुलाचा देठाकडचा भाग काळपट, मखमली. ते काळं रंगवलं नाही तर पळस पोपटाच्या चोचींचा ढीग दिसतो. आता बहावा सुरू होईल. फुलला की पंचेचाळीस दिवसांत पाऊस, असं म्हणतात. आम्ही दरवर्षी मोजतो आणि दरवर्षी भांडतो.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर: द्या. पण सोबत तामणाचं रोपही द्या, जूनमध्ये लावेल.

देवरुखवाली:
गुहागरकडे तामणाचं रोप कशाला नेता? तिथे ओढ्याकाठी आपसूक वाढतं ते. त्यापेक्षा चित्रात गेल्या वर्षीची बोंडं आहेत का ते सांगा. वाळलेली, फुटून पाकळ्यांसारखी उघडलेली. फुलं आली तरी झाडावर तशीच असतात, आणि चित्रकार नेमकी तीच गाळतात.

रंगपेटी:
आहेत, दोन! तीच काढताना सगळ्यात मजा आली. तिला ती बोंडं फार आवडतात, टेबलावर पेनांच्या डब्यात एक ठेवलेलं असतं.

ठरलं मग. फ्रेम नाही, माउंट आणि फोल्डर. मागे पेन्सिलीनं महिना आणि "खिडकीतून" एवढंच लिहिते, सही कोपऱ्यात बारीक. बुचांचे तुकडे पाकिटात घालून देईन, फ्रेम केलीच तर उपयोगी पडतील. सातारकर, "आपलं झाड" हे उचलते हं.

कुंचला_आणि_चहा:
फोटो टाका ना चित्राचा.

रंगपेटी:
३१ मेनंतर. ती इथल्या पाककृतींच्या धाग्यांवर असते, उगाच इकडे डोकावायची.